भीष्माला मी चार पानांत उठवला

४ फेब्रुवारी

नाही, मला राग वगैरे काही आलेला नाही. उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून लिहून ठेवतो. राग धरून बसायला वेळ लागतो आणि माझ्याकडे तेवढा वेळ नाही.

ठकीचं पुस्तक येतंय. ठकी म्हणजे आमची एकुलती एक. शिकून सवरून इंजिनिअर झाली, चांगल्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला बसायची. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. कशासाठी, तर राक्षसांच्या गोष्टी लिहायला. पुराणातली माणसं उचलायची आणि आजच्या शहरात आणून सोडायची. त्याला फॅन्टसी म्हणतात. मी त्याच दिवशी, तिच्याच घरात, भरल्या ताटावरून उठून सांगितलं की तू पुन्हा नोकरीला लागेपर्यंत मी या घराची पायरी चढणार नाही. ठकीने ऐकलं, जावयांनी ऐकलं, हिने ऐकलं. तेव्हापासून चढलो नाही. शब्द म्हणजे शब्द.

आज फ्रिजवर कार्ड चिकटवलेलं दिसलं. बावीस मार्चला लायब्ररीच्या हॉलमध्ये प्रकाशन, नंतर लेखिकेच्या घरी खाणंपिणं. ही म्हणाली, मी जाणार, तुमचं तुम्ही बघा. मी म्हणालो, बघतो. म्हणजे जात नाही.

५ फेब्रुवारी, सकाळी

ठरलं. मीच एक कादंबरी लिहितो. फॅन्टसीच. प्रकाशनाच्या आत पुरी करून हिच्या हाती पाठवतो. सातवी पास माणूस जे काम चहा आणि आंघोळीच्या मध्ये उरकतो त्याला नोकरी सोडावी लागत नाही, एवढंच दाखवायचंय.

पद्धत आमच्या वर्कशॉपचीच. बस डेपोत हेडमिस्त्री होतो मी. गाडी आत आली की जॉबकार्डावर तीनच गोष्टी: तक्रार काय, बिघाड कुठे, उपाय काय. पुराणात तक्रारी ढीगभर. उपाय तर त्याहून ढीगभर, अस्त्रं काय, वर काय, शाप काय. बिघाड मात्र कुणी शोधतच नाही.

रोज दहा पानं.

६ फेब्रुवारी

द्यूताने सुरुवात केली. जागा: मोठ्या कंपनीची मीटिंग रूम, एसी फुल. शकुनी लॅपटॉपवर फासे टाकतो. युधिष्ठिराला बोलावणं येतं. बिघाड उघड दिसतोय, माणसाला खेळता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही. उपाय केला. युधिष्ठिर म्हणतो, मला खेळता येत नाही, शिवाय कामं पडलीत. उठतो. सगळे आपापल्या घरी.

दीड पान झालं. हिने वाचलं. म्हणाली, मग पुढे? मी म्हणालो, पुढे काय, वनवास नाही, युद्ध नाही, सगळं नीट झालं. ही म्हणाली, अहो, मग पुस्तक कुठे आहे? बायकांना सरळ झालेलं काम बघवत नाही.

९ फेब्रुवारी

समुद्रमंथन. देव आणि दानव, दोन पार्ट्या, एक साप, एक डोंगर. इतकी माणसं ओढायला लावण्याची गरजच नाही. मोटर बसवली. विष निघतं म्हणे, तर निघण्याआधीच फिल्टर लावला. शंकराला बोलवावं लागलं नाही. अमृत सकाळच्या पाळीतच बाहेर. वाटपाचं भांडण होऊ नये म्हणून रांग लावली.

पाऊण पान. वेग वाढतोय. पानं मात्र कमी पडतायत.

१२ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना दाखवलं. निवृत्त आहेत, भाषा शिकवायचे, अजून तोंडात खडू असल्यासारखे बोलतात. म्हणाले, संघर्ष नाही. नायकात काहीतरी खोट हवी. तुमची सगळी पात्रं पहिल्याच पानावर शहाणी होतात.

मी विचारलं, मग ती मूर्खच ठेवायची का? म्हणाले, शेवटच्या पानापर्यंत तरी.

घरी येऊन युधिष्ठिराला घोरण्याची सवय लावली. झाली खोट.

१५ फेब्रुवारी

कर्ण सहा ओळींत संपला. कुंती त्याला वेळेवर सांगते. त्यात सांगण्यासारखं ते काय, मी तुझी आई, ये, बस. पोराने इतकी वर्षं वाट बघायची आणि आईने खिडकीआडून बघायचं, हा नुसता नाटकीपणा. तोंड उघडायला काय जातं माणसाचं.

शकुंतलेची गोष्टही घेतली होती. राजाला म्हटलं, अंगठी राहू दे, तोंड ओळख. ओळखलं त्याने. चार ओळी.

एकूण तीन पानं. बावीस मार्च अजून लांब आहे. घाबरायचं कारण नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

ठकी आली होती. दर रविवारी येते. तिने इथे यायला माझी हरकत नाही, शपथ तिच्या घराची आहे. मी गॅलरीत पेपर घेऊन बसतो, ती आत सोफ्यावर. मध्ये दार उघडं असतं. तिने हिला सांगितलं, बाबांना विचार गुडघा कसा आहे. हिने विचारलं. मी म्हणालो, सांग तिला, होता तिथेच आहे. हिने सांगितलं. ठकी हसली असावी, पेपरमुळे दिसलं नाही.

मग ती हिला पुस्तकातलं सांगत होती. मी ऐकत नव्हतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर यक्ष बसतो आणि प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय नळ सोडत नाही. बिल्डिंगमधले लोक त्याला घाबरून अभ्यास करायला लागतात. नळाला यक्ष कशाला, व्हॉल्व्ह बदला. दाराकडे तोंड करून नाही, असंच हवेत बोललो. आतून ठकी म्हणाली, आई, बाबांना सांग व्हॉल्व्ह बदलला तर यक्ष बेकार होईल.

उत्तर तयार होतं. दिलं नाही. सवय लागेल तिला.

२६ फेब्रुवारी

आठवडाभर लिहिलं नाही. पेन खराब.

२७ फेब्रुवारी

पेन ठीक आहे. विषय खराब होते. आता मोठा जॉब घेतला: भीष्म.

जागा: हॉस्पिटल, स्पेशल वॉर्ड. म्हातारा बाणांच्या गादीवर पडलाय. डॉक्टरांना बाण दिसत नाहीत, एक्सरेतही येत नाहीत. तक्रार: उठत नाही. बिघाड: प्रतिज्ञा. तरणाताठा असताना बापाच्या लग्नापायी घेऊन बसला, राजा होणार नाही, लग्न करणार नाही. तिथपासून सगळा घोळ. एका माणसाच्या हट्टापायी अख्खं घराणं खलास. इतका हुशार माणूस, कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं.

३ मार्च

लिहिताना पहिल्यांदाच घाई झाली नाही. नर्स त्याला विचारते, बाबा, उठत का नाही? तो म्हणतो, शब्द दिलाय. ती विचारते, कुणाला? तो म्हणतो, बाबांना. ते कुठायत? गेले. आणखी कुणी ऐकला होता? बाबांचा सासरा होणार होता तो कोळी. तो? गेला. सावत्र आई? तीही गेली. नर्स म्हणते, मग ज्यांनी ऐकला त्यातलं कुणीच उरलं नाही, तुम्ही कुणासाठी पडून आहात? भीष्म विचार करतो. मग म्हणतो, माझ्या चपला कुठायत. उठतो. बाण खाली पडतात, आवाज होतो, झाडूवाला कुरकुरतो. म्हातारा लिफ्टने खाली जातो आणि चालायला लागतो.

चार पानं. आतापर्यंतचा रेकॉर्ड.

४ मार्च

हिला वाचायला दिलं. वाचून आत गेली, गॅस लावला, बंद केला, बाहेर आली. म्हणाली, छान झालंय. मग म्हणाली, आणि तुमचं?

माझं काय? मी म्हणालो, माझी केस पूर्ण वेगळी आहे. माझी शपथ ज्यांनी ऐकली ते सगळे हयात आहेत. म्हणून ती मोडता येत नाही. इतकं साधं हिच्या डोक्यात शिरत नाही. भाजी निवडायला बसली.

१४ मार्च

कादंबरी पुढे सरकत नाही. सगळं दुरुस्त झाल्यावर सरकणार कशी. मास्तर म्हणाले, याला कथा म्हणा. मी म्हणालो, मी याला कादंबरीच म्हणणार, तुमच्या बापाचं काय जातं. त्यांनी मनाला लावून घेतलं. हळवे आहेत.

पानं एकूण सात. मोठ्या अक्षरात परत उतरवली तर नऊ होतील.

२० मार्च

हिने माझ्या भीष्माचे मोबाइलवर फोटो काढून ठकीला पाठवले, असं आज कळलं. कधीच पाठवलेत म्हणे. ही सरळ चोरी आहे. मी जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

आता जाणारच नाही. आधीही जाणार नव्हतोच, पण आता कारणासकट जाणार नाही.

२२ मार्च, दुपारी

हॉल म्हणजे तिचं घर नव्हे. शपथेत हॉल नाही. शिवाय हिला एकटीला रिक्षा मिळत नाही. मास्तरही निघालेत. नुसती पाहणी करून येतो, खुर्च्या किती, माणसं किती. इस्त्रीचा शर्ट घातला कारण बाकीचे वाळत आहेत.

२२ मार्च, रात्री

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मागच्या रांगेत दाराशी बसलो. हॉल भरला होता. ठकीने वाचून दाखवलं. नेमका भीष्मच निघाला तिच्याकडेही. बाराव्या मजल्यावर राहतो, बाणांवर पडल्या पडल्या सगळ्यांवर खेकसतो. अर्जुन भेटायला येतो तर त्याला म्हणतो, डावीकडून तिसरा बाण तिरका बसलाय, हे काय काम आहे, शिकवलं कुणी तुला, काढ आणि सरळ मार. अर्जुन बिचारा ओशाळून स्टूल शोधतो. लोक पोट धरून हसत होते. मीही हसलो, सगळ्यात मोठ्याने. कारण मला लगेच कळलं तिने कुणावरून घेतलाय. हुबेहूब मास्तर. शेजारी मास्तरही हसत होते, बिचाऱ्यांना पत्ताच नाही. वर माझ्याकडे बघून हसत होते.

मग तिने शेवटचं वाचलं. म्हाताऱ्याला वर मिळालेला असतो, वाटेल तेव्हा मरता येईल. पण वाटेल तेव्हा उठता येईल असा वर कुणी दिलेला नसतो. रोज कुणीतरी येऊन म्हणतं, उठा. तो म्हणतो, नियम आहे. मला नेमका तेव्हाच खोकला आला म्हणून बाहेर गेलो.

नंतर सगळे तिच्या घरी. मी हिला पोचवायला बिल्डिंगपर्यंत गेलो आणि खाली जिन्याशी थांबलो. पहिल्या पायरीच्या अलीकडे. वरून हसण्याचे, भांड्यांचे आवाज. वॉचमनने खुर्ची दिली, मी नको म्हणालो. मग घेतली.

बऱ्याच वेळाने ठकी खाली आली. जिन्यावर बसली. मध्ये ही नव्हती, म्हणून थेट बोलावं लागलं. म्हणाली, बाबा, तुमची चार पानं वाचली. मी म्हणालो, चोरून. म्हणाली, हो. मग म्हणाली, माझा भीष्म तीनशे पानांत उठला नाही, संपादिका मागे लागली होती, उठवा, उठवा. नाही जमलं मला. तुमचा चपला मागून चालता झाला.

मी म्हणालो, त्यात काय, उठवायचा म्हटला की उठवायचा.

मग वर चला, ती म्हणाली.

मी केस समजावून सांगितली. भीष्माचे साक्षीदार गेले, माझे जिवंत आहेत. तू ऐकलंस, जावयांनी ऐकलं. ठकी म्हणाली, काय ऐकलं? मी काही ऐकलं नाही. तेव्हा मिक्सर चालू होता.

मी म्हणालो, जेवताना मिक्सर? म्हणाली, ज्यूस करत होते. तोंडाची एक रेघ हलली नाही. वर कठड्यावरून जावई वाकले आणि म्हणाले, मीही नाही ऐकलं बाबा, मी तेव्हा भांडी घासत होतो. ठकीने वर बघून सांगितलं, तू जरा गप्प बस. मग ही वाकली. म्हणाली, मला तर हल्ली कालचंही आठवत नाही. ही बाई. लग्नाआधी बघायला गेलो तेव्हा मी काय बोललो ते शब्दाला शब्द म्हणून दाखवते.

तिघंही खोटं बोलत होते. तोंडावर. मी तसं सांगितलं. ठकी म्हणाली, असेल, आम्ही खोटं लिहून खातो. आणि हात पुढे केला.

२३ मार्च

कादंबरी बंद. लोकांना दुरुस्त गोष्टी नको आहेत.

दोन वर्षं इतकी कडक शपथ पाळली आणि ती म्हणे कुणी ऐकलीच नव्हती. भीष्माची निदान देवांनी तरी ऐकली, वरून फुलं टाकली. मला मिक्सर. पुढच्या वेळी आधी घरातली सगळी यंत्रं बंद करायला लावीन आणि मगच तोंड उघडेन.

गुडघा सुजलाय. ठकीकडे तीन मजले आहेत, लिफ्ट नाही. ही शेक द्यायला आली आणि मुद्दाम विचारतेय, काल वर काय काय झालं ते लिहिलंत का.

नाही लिहिलं. लिहिणारही नाही.