वाफेला वाट

कमलच्या बाबांना,

त्या सकाळी उठून मी आधी चुलीतली राख काढली. सडा टाकला, गाईपुढे कडबा टाकला, मोठ्या हंड्यात पाणी तापत ठेवलं आणि त्यात निरगुडीचा पाला घातला. आक्का ओसरीवर बसून बाळंतशोपा निवडत होत्या. आत बाजेवर कमल बाळाला घेऊन पडली होती. पाण्याला आधण आलं तशा आक्का म्हणाल्या, "चाल व, शेगडी भर. पोरीले न्हाणीत ने अन् दार पक्कं लाव. वारा लागाले नको." मी निखारे भरले आणि शेगडी न्हाणीत नेऊन ठेवली. माझ्या हातानं ठेवली, हे आधीच सांगून टाकते.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐका. गेल्या आठवड्यात तुमच्या थोरल्या बहिणीनं, गोदाआक्कांनी, तुमच्या फोटोपुढे उभं राहून माझं गाऱ्हाणं घातलं. "पाय रे बापू, तुह्या मागं तुही बायको घर फोडाले निंगाली." मी चुलीपाशी होते, सगळं ऐकत होते. तुम्ही नेहमी आक्कांचं आधी ऐकायचात आणि माझं मागून. कधीकधी ऐकायचातच नाही. म्हणून या वेळी लिहूनच देते.

अक्षर माझंच आहे. तुम्ही होता तेव्हा मी किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून लपवून वाचायची. तुम्हाला ते ठाऊक होतं का? तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. आता लपवत नाही.

कमल पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडे आली. मुलगी झाली. नाक थेट तुमचं आहे, बिचारीला काय करावं. आक्का बाळंतपण करायला साखरखेर्ड्याहून मुद्दाम आल्या. गुडघे दुखत असताना आल्या, हे मी विसरत नाही.

तर त्या सकाळी. बाळाला वीस दिवस झाले होते, आणि आठ दिवसांपासून ते खोकत होतं. आक्कांनी त्याला न्हाऊ घातलं, मग धुरी घ्यायला माय-लेकींना शेगडीपाशी बसवलं आणि दार ओढून त्या बाहेर आल्या. मी गाईकडे होते. परत आले तर न्हाणीतून काहीच आवाज नाही. बाळाच्या खोकल्याचाही नाही. आठ दिवस ज्या खोकल्यानं माझा जीव खाल्ला, तो थांबला तर मला हायसं वाटायला हवं होतं ना? मी न्हाणीच्या दाराशी धावले.

"कमल, झालं का व?" मी हाक मारली. ओ आली नाही.

दार ढकललं तर वाफ तोंडावर आली. कमल भिंतीला डोकं टेकून बसली होती, मान एका बाजूला कललेली. बाळ मांडीवर, डोळे मिटलेलं. मी दोघींना कसं ओढून ओसरीवर आणलं ते मला आठवत नाही. कमलनं डोळे उघडले आणि म्हणाली, "माय, डोकं फुटून राह्यलं माहं." बाळ त्यानंतर रडलं. मधे किती वेळ गेला ते मला विचारू नका.

आक्का म्हणाल्या, "नजर लागली. मीठ-मिरच्या आण." मी आणल्या. ओवाळून टाकल्या. तेव्हा मला दुसरं काही सुचतही नव्हतं.

दुपारी दोघी झोपल्यावर मी न्हाणीत एकटी गेले. दार सताड उघडून उजेडात नीट पाहिलं. पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब लोंबत होते, थंडीत घाम आल्यासारखे. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत काळी बुरशी. ती मी दर आठ दिवसांनी नारळाच्या शेंडीनं घासते आणि दर आठ दिवसांनी ती परत येते. पाटाच्या खालून पांढरी लव उगवलेली. दोरीवरची बाळाची फडकी कालची, आणि अजून ओली. ओल्या पोत्यासारखा वास. इथं मी वीस दिवस त्या एवढ्याशा जिवाला श्वास घ्यायला नेत होते.

तुम्हाला त्या न्हाणीचा केवढा अभिमान होता. महाराष्ट्र झाला त्या वर्षी तुम्हाला सिमेंटचं परमिट मिळालं. धामणगावात तेव्हा कुणाची न्हाणी सिमेंटची होती? मातीचं धाबं काढून तुम्ही पत्रे टाकले, भिंती आतून गुळगुळीत करून घेतल्या आणि मला हात फिरवून पाहायला लावलं. "आता जन्मात सारवावं लागत नाही तुले," म्हणालात. खरंच लागलं नाही. पण त्याच हिवाळ्यात पत्र्यातून थेंब पडायला लागले. मी म्हटलं, पत्रा गळतो. तुम्ही म्हणालात, पाऊस नाही तर गळेल कसा? आणि विषय तिथंच संपवलात. थोडं पुढं का नाही विचार केला आपण?

न्हाणीला पूर्वी झरोका होता. बोळाच्या बाजूला, बसल्यावर खांद्याला येईल असा. तो कसा बुजला ते तुम्ही आणि मी कधी बोललो नाही. आज बोलते.

कमलच्या पाठची आपली मुलगी. नवव्या दिवशी तिला डबा झाला, छातीत कफ भरला. छाती भात्यासारखी हलत होती. तीन दिवसांनी बारसं होतं, नाव मी मनात धरून ठेवलं होतं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. ती गेली तेव्हा तुमच्या आई म्हणाल्या, न्हाणीच्या झरोक्यातला वारा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहासुद्धा न घेता विटा आणल्यात. मातीचा गारा स्वतः तुडवलात. मी बाजेवरून पाहत होते. एकेक वीट तुम्ही अशी दाबून बसवत होतात, जणू आतून कुणी ढकलत होतं. पुढं सिमेंट केलंत तेव्हाही गवंड्याला तिथं हात लावू दिला नाहीत. ती जागा तुम्ही स्वतः थापलीत.

मग आता सांगा, त्या भिंतीला हात लावायचं माझ्या मनात आलं तेव्हा मला काय वाटलं असेल?

त्या संध्याकाळी मी कमलची जुनी पेटी उघडली. शाळेच्या पुस्तकांत तिचं आरोग्याचं पुस्तक होतं. त्यात मला एक पान अंधुक आठवत होतं, आणि ते सापडलं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की हवा विषारी होते, तिला वास येत नाही आणि माणसाची बसल्या जागी शुद्ध हरपते. मी बोट ठेवून तीन वेळा वाचलं. हे पान कमल सातवीत मोठ्यानं पाठ म्हणायची आणि मी भाकरी थापत ऐकायची. दोघींनाही पाठ झालं होतं ते. तिला दाखवलं तर म्हणाली, "माय, ते परीक्षेसाठी होतं व."

मी हसले, आणि मग मला रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शेगडी न्हाणीत नेऊ दिली नाही. न्हाणंच बंद ठेवलं. दोघींना खोलीतच कोमट पाण्यानं पुसून घेतलं. आक्का तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या त्या भिंतीशी आणि गाईशी. "बिनन्ह्याची बाळंतीण पाह्यली का व माय कोणं कधी? म्या तं नाई पाह्यली." गाय काय सांगणार?

चौथ्या दिवशी हमीदभाई मिस्त्रींना बोलावलं. तुमच्या वेळी पत्रे यांनीच बसवले होते. आता दाढी पांढरी झाली आहे, पण भिंत सरळ पाहायचा ओळंबा अजून खिशात असतो. मी म्हटलं, "हमीदभाई, बुजवलेला झरोका उघडून द्या."

ते आत गेले. भिंतीवर हात फिरवला, पत्र्याखाली बोट ओलं करून पाहिलं. मग दार लावायला सांगून आत बिडी पेटवली. आक्का बाहेरून म्हणाल्या, "बाळंतिणीच्या न्हाणीत बिडी वढून राह्यला. अक्कल गहाण ठेवली का रे बाबा?"

"आक्का, वढून नाई राह्यलो, धूर पाहून राह्यलो," हमीदभाई आतून म्हणाले. मग दार जरा किलकिलं करून मला बोलावलं. "देखो वहिनी. धूर कुठं हाय?"

धूर सगळा पत्र्याखाली जमून तिथंच तरंगत होता.

"वाफही तिथंच बसते. अन् मातीची भिंत असती तं तिनं पेली असती, मंग हळूहळू सोडली असती. सिमेंट पेत नाई. पत्रा थंडागार. मंग जाईन कुठं ते पाणी? भिंतीवरच उतरन. तिथं काळं धरन."

"म्हणूनच म्हणते, जुना झरोका फोडा."

ते खाली पाटावर जाऊन बसले, आंघोळीला बसावं तसे, आणि पाठीमागं हात नेऊन ती बुजवलेली जागा दाखवली. "हे पाहा. हा उघडला तं वारा सरळ पाठीवर येईन. लेकराच्या छातीवर येईन. भाऊंनी बुजवला ते चूक नाई केलं. झरोका खाली नाई पाहिजे. इथं पाहिजे." त्यांनी पत्र्याच्या लगत भिंतीवर खडूनं रेघ मारली. एक वीट उंच, हातभर लांब. "वाफ वर जाते, तं तिची वाटही वरच पाहिजे. बोळातून जाणाऱ्यालेही काही दिसत नाई."

मी विचारलं, पत्र्यालाच भोक पाडून नळकांडं बसवलं तर? ते म्हणाले, पावसाळ्यात गळेल, आणि वाऱ्यानं पाणी उलटं आत येईल. मग मोठी खिडकी? तिला बोळाकडून आडोसा लागेल, आडोशानं पुन्हा हवा अडेल. शिवाय नुसता वरचा झरोका पुरणार नाही, दाराच्या खालून दोन बोटं कापावी लागतील. "आत हवा आली तंच आतली बाहेर निंगन ना. एका दारानं कोणी वरात काढते का?" काळी बुरशी खरवडून चुन्यात निळा मोरचूद घालून दोन हात द्यायचे, तेही सांगितलं.

मला किती हलकं वाटलं ते तुम्हाला कसं सांगू? तुमच्या विटांना हात लागणार नव्हता. तुम्ही तेव्हा बुजवलंत ते ठीक होतं, फक्त वर दुसरं उघडायला हवं होतं. ते आपल्याला कुणी सांगितलं नाही.

पण आक्का ऐकायला तयार नव्हत्या. त्यांच्या लेखी झरोका तो झरोका, वर असो की खाली. हमीदभाई हत्यारं आणायला गेले आणि आक्कांनी तुमच्या फोटोपुढे ते गाऱ्हाणं घातलं. मग माझ्याकडे वळल्या. "एक लेकरू वाऱ्यानं गेलं या घरातलं. इसरली तू?"

इसरली? मी? माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवून विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, तेव्हा माझ्या बाळंतपणात झरोक्यात फडकी कोंबलेली होती. मला बाजेवरून दिसायचं, न्हाणीत अंधार असायचा. ती कोणी कोंबली होती?"

आक्का ओसरीच्या पायरीवर खाली बसल्या.

"म्या कोंबलती," म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून. बोटभरही फट ठेवली नाई. माहं लेकरू असल्यासारखी कोंबलती."

"मग वारा कुठून आला?"

माझं ते बाळंतपण आक्कांनीच केलं होतं. शेगडी तेव्हाही आतच असायची. ती कोण भरायचं, ते मी विचारलं नाही. गरजही नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या मायनं म्हटलं वारा, तं वारा. कोणाले इचारलं तवा?" आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. हमीदभाई हत्यारं घेऊन आले तेव्हा त्या उठल्या आणि त्यांच्या वाटेतून बाजूला झाल्या.

मला अजून भीती आहे, ती लपवत नाही. पुस्तकातलं पान आणि मिस्त्रीची बिडी, एवढ्यावर मी घराची भिंत उघडली. डबा नेमका कशानं झाला ते मला कळलेलं नाही आणि आता कधी कळणारही नाही. थंडी पडली आहे. बाळ अजून खोकतं. पूर्वीपेक्षा कमी, की मला तसं वाटून घ्यायचं आहे? रोज सकाळी मी आधी पत्र्याकडे पाहते आणि मग तिच्या छातीकडे.

तुम्ही असता तर रागावला असता? की तो खडू हातात घेऊन तुम्हीच रेघ सरळ केली असती? तुम्हाला हमीदभाईंचं काम कधी सरळ वाटलं नाही.

एक वचन देते. आपली लेक कशानं गेली, याचा दोष मी तुमच्यावर ठेवणार नाही, आक्कांवर नाही, तुमच्या आईंवर नाही, आणि प्रयत्न करीन की माझ्यावरही नाही. पण या घरात शेगडी पुन्हा बंद दाराआड जाणार नाही. कमल तिच्या सासरी जाईल तेव्हा आरोग्याचं पुस्तक मी तिच्या पेटीत वरच ठेवीन, आणि ते परीक्षेसाठी नाही हेही सांगीन.

झरोका गुरुवारी संध्याकाळपर्यंत झाला. दुसऱ्या दिवशी मी शेगडी ओसरीत ठेवली, आक्कांना हाताला धरून न्हाणीत पाटावर बसवलं, बाळ त्यांच्या पायांवर दिलं आणि पाणी आणायला गेले.

तुमची,
कमलची आई