चौथ्या ड्रमचं कुलूप

४ सप्टेंबर
पोचले. पदवीचं तिसरं वर्ष नोकरीवर काढायचं अशी आमच्या विद्यापीठाची पद्धत. वर्गातली बाकीची मंडळी लंडनच्या काचेच्या इमारतींत खुर्च्या उबवायला गेली. मला लिंकनशरमधला हा माल्टचा कारखाना मिळाला आणि मी खूश आहे. गाव टाकाऊ आहे, पण यंत्रं खरी आहेत.

जव भिजवून मोड आणायचे, मग भट्टीत वाळवायचे, की झाला बिअरसाठीचा माल्ट. मोड येताना ते चार आडव्या ड्रममध्ये संथ फिरत असतात. एकेक ड्रम रेल्वेच्या डब्याएवढा. मुकादम नेव्हिल स्टब्ज सगळ्यांना ‘बदकुली’ म्हणतो, ही इकडची लाडाची हाक. मी माझं नाव इमोजेन असल्याचं सांगितलं. “बरं, बदकुली,” म्हणाला.

त्याने मला चहाचा मग दिला आणि माझ्या नावाचं लाल कुलूप. ड्रममध्ये उतरण्याआधी मेन स्विचवर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. कुलूप आहे तोवर ड्रम फिरत नाही, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. नियम उत्तम आहे. इथल्या कुणाला सुचला नसणार.

९ सप्टेंबर
चौथा ड्रम बंद असतो. बिघाड नाही, स्विचवर एक गंजकं लाल कुलूप आहे. बिल्ल्यावर नाव ओवेन ट्रिग. तोही विद्यापीठातून वर्षभरासाठी आलेला. सात-आठ वर्षांपूर्वी जव ओले ठेवणारे पाण्याचे फवारे तपासायला आत उतरला. जेवणाच्या सुट्टीत लोकांनी दार उघडून पाहिलं तर ड्रम रिकामा. पोरगा कंटाळून पळाला, हे शेंबडं पोरही सांगेल.

मग कुलूप का काढलं नाही, असं विचारलं. नेव्हिल म्हणाला, “तो अजून बाहेर कुठे आलाय?”

चहावाली मॉरीन रोज त्याचा मग भरून ड्रमच्या दाराशी ठेवते आणि संध्याकाळी ओतून टाकते. मोठी माणसं आहेत ही. मतदान करतात.

२ ऑक्टोबर
व्यवस्थापक हॅल्डेन साहेबांशी मी बोलले. चौथा ड्रम चालू केलास तर पदवीनंतर इथेच पक्की जागा, म्हणाले. मग ते कुलूप आपण का कापलं नाहीत, असं विचारल्यावर त्यांना अचानक फोन करायचा होता.

भित्रा माणूस. पण जागा चांगली आहे, आणि मला ती हवी आहे.

१७ ऑक्टोबर
कापलं.

आधी दार उघडून टॉर्चने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. पद्धत म्हणून हाकही मारली. रिकामा. दार लावलं. नेव्हिल म्हणाला, “बदकुली, दुसऱ्याचं कुलूप आहे ते. नको गं.” त्याचे डोळे भरून आले होते. मी हसले.

कटर कुलपाला लागला तशी आतून टकटक सुरू झाली. ताणलेला पत्रा असा वाजतो. ड्रम फिरू लागल्यावर आवाज थोडा वेळ चालू राहिला, मग थांबला. लोखंड जागेवर बसलं असणार.

मॉरीनने ओवेनचा मग धुतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत घालून घरी नेला. माझ्याशी कोणी बोललं नाही. तसंही त्यांच्या बोलण्यात काय असतं?

२४ ऑक्टोबर
पहिला माल वाया गेला. सगळीकडे मोड आले, फक्त मधल्या एका पट्ट्यात नाहीत. तिथे जव काळे आणि कोरडे. पट्टा माणसाच्या लांबीचा. फिरणाऱ्या ड्रममध्ये माल सारखा मिसळतो. असा पट्टा राहूच शकत नाही.

एखादा फवारा तुंबला असेल.

ड्रम थांबवला तरी आता टकटक ऐकू येत नाही. मी कान लावून पाहिलं. का पाहिलं, कोण जाणे.

२९ ऑक्टोबर
गुरुवारी विद्यापीठाचे सर पाहणीला येताहेत. त्याआधी फवारा साफ व्हायला हवा, नाहीतर जागा गेली. आत उतरायला कोणी तयार नाही. मेंढरं! मीच जाते. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. किल्ली खिशात. वही पेन्सिलही.

२९ ऑक्टोबर, आत
फवारे सगळे स्वच्छ आहेत. एकही तुंबलेला नाही. मग तो पट्टा —

दार लागलं. वाऱ्याने. आतून कडी नाही.

दार उघडलं. नेव्हिल. टॉर्च थेट माझ्या तोंडावर. मी ओरडले, हात हलवले. तो माझ्याकडे बघत म्हणाला, “रिकामा आहे.”

मी त्याची बाही धरली. धरता —

बाहेर मॉरीन रडते आहे. कोणीतरी कुलपाचं विचारलं. नेव्हिल म्हणाला, “हात लावू नका. ती अजून बाहेर आलेली नाही.”

कुलूप आहे तोवर ड्रम फिरणार नाही. या लोकांवर मी हसले होते.

तारीख माहीत नाही
दाराशी चहाचा वास येतो. रोज. माझा मग असेल.

तारीख माहीत नाही
बाहेर नवा आवाज. मुलीचा. रिकाम्या पिंपाला कसलं कुलूप, म्हणते आहे. हसते आहे. नेव्हिलचा आवाज म्हातारा झालाय. “नको गं, बदकुली —”

दार उघडलं. ती नीट बघते आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी उजेडात उभी आहे. तिने हाक मारली. मी ओ दिली. मी ओ —

दार लावलं.

किल्लीने ठोकते आहे. ताणलेला पत्रा, असं वाटेल तिला. तो पत्रा नाही, मूर्ख मुली, तो —

कटर लागला कुलपा