बदलून मिळेल

बाळीवेस, सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय दाक्षायणी,

'प्रिय' लिहून झाल्यावर मी उठलो आणि पाणी पिऊन आलो. बेचाळीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. तू बाळंतपणाला अक्कलकोटला गेलीस तेव्हासुद्धा मी दर रविवारी गाडी धरून स्वतःच येऊन बसायचो, आणि जावईबापूंनी दुकान विकलं की काय, असं तुझे वडील विचारायचे. आता फोन आहे की, असं तू म्हणशील. पण मल्लिनाथ फोन लावतो तो स्पीकरवर. ओजस मध्येच 'आजोबा' म्हणून ओरडतो, सूनबाईच्या कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि तू लांबून विचारतेस, जेवलात का. मी म्हणतो, जेवलो. तिथे आपलं बोलणं संपतं.

जेवतो, हे मात्र खरं आहे. कडक भाकऱ्यांची थप्पी आणून ठेवलीय, शेंगांची चटणी आहे, दही लावायला शिकलोय. यावर माणूस वर्षभर जगेल. फक्त एकट्याने जेवायला बसलं की भाकरी मोडल्याचा आवाज घरभर ऐकू येतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला यंदा एकटाच गेलो, नंदीध्वजांना नमस्कार केला आणि काही न घेता घरी आलो. गुडघे आहेत तसेच आहेत. जिन्याच्या सातव्या पायरीवर अजून थांबावं लागतं.

आता दुकानाची बातमी. गेल्याच्या आदल्या दिवाळीच्या पाडव्याला काढलेला तो फोटो आठवतो का? आपलं दुकान नेटवर दिसलं पाहिजे असा तूच हट्ट धरला होतास. मल्लिनाथ फोन घेऊन चाटी गल्लीच्या मधोमध उभा, मी पायरीवर मोराची लाल चादर उघडून धरलेली, आणि डोक्यावर माझ्या अप्पांनी त्यांच्या काळी रंगवून घेतलेला बोर्ड, 'रंग गेल्यास चादर बदलून मिळेल.' तू मल्लिनाथच्या शेजारी उभी राहून हातवारे करत होतीस, अहो टोपी, टोपी तिरकी झालीय. तो फोटो चोरांनी उचलला. नाव आपलं, बोर्ड आपला, तोंड माझं, आणि खाली भलताच नंबर. वर लिहिलेलं, दुकान कायमचं बंद करणे आहे, सर्व चादरी पाव किमतीत. लोकांनी धडाधड पैसे पाठवले. काहींना काहीच मिळालं नाही, काहींना मिळालं ते कापड एका धुण्यात विरून जाईल असलं.

मी पोलिसांत तक्रार दिलीय, तपास चालू आहे म्हणतात. पण फसलेली माणसं पोलिसांकडे न जाता माझ्याकडे येतात. कुर्डुवाडीहून आली, मंगळवेढ्याहून आली, एक मास्तर तर लातूरहून आले. पायरीशी उभं राहून आधी फोनमधला म्हातारा बघतात, मग मला बघतात, मग वरचा बोर्ड वाचतात, आणि पिशवीतून ते कापड काढून म्हणतात, बदलून द्या.

का द्यायचं, सांग ना. चोराने विकलेल्या चादरीचा रंग मी का सांभाळू? गल्लीतल्या एकदोघांनी सुचवलं, की निदान एकेक टॉवेल द्या, नाव राहील. मी म्हटलं, आज एकाला दिला तर उद्या अख्खा जिल्हा रांग लावेल, त्यात न फसलेलेही येतील. आणि दया तरी कशाची करायची? पाव किमतीत सोलापुरी चादर मिळते असं ज्याला वाटतं, त्याची हावच त्याला बुडवते. असं मी येईल त्याला ऐकवत होतो. यातलं अर्धं मला अजूनही पटतं, तुझ्यापासून कशाला लपवू.

शिवाय ऐकवायला माझ्याकडे एक गोष्ट होती. रागावू नकोस. तसं रागवायचं काही शिल्लक राहिलं नसेलच. तू वैशाखात फोनवरून मागवलेलं ते गुडघ्याचं मशीन. पार्सल उघडलं तर आत एक पट्टा आणि एक डबी, बटण दाबलं की निळा दिवा लागायचा, बाकी काही नाही. कंपनीचा फोन कधी लागलाच नाही. मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती तुझ्यादेखत, दुकानात, चार गिऱ्हाइकं बसलेली असताना. आमच्या घरच्यांनी देवघरात लावायला निळा दिवा मागवलाय, पुण्यामुंबईतही मिळणार नाही इतका महाग, असं काहीतरी बोललो. सगळे खो खो हसले. तू माझा डबा घेऊन आली होतीस. तो गादीवर ठेवलास आणि म्हणालीस, साकु. रागावलीस की तू कन्नडात भांडतेस, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी 'पुरे' एवढंच म्हणून तू थांबलीस, आणि माझं तिकडे लक्षच गेलं नाही. गोष्ट रंगली होती ना. पुढे महिनाभर मी ती सांगत होतो, दरवेळी थोडं तिखटमीठ लावून. मग ओजसच्या शाळेसाठी म्हणून तू आठ दिवसांकरता पुण्याला गेलीस. हा नववा महिना.

पौषात करकंबच्या गोजरबाई आल्या. साठीच्या असतील, उन्हाने रापलेल्या. लेकीचं पहिलं बाळंतपण झालेलं, तिला बाळासह सासरी धाडायचं, आणि सोबत दोन सोलापुरी चादरी द्यायची त्यांच्याकडे रीत. शेजारणीच्या फोनवरून त्यांनी त्या मागवल्या आणि आलं ते तसलंच कापड. मी नेहमीचं प्रवचन दिलं आणि शेवटी निळ्या दिव्याची गोष्ट सांगितली. सिद्धाप्पा तीस वर्षं माझ्याकडे कामाला आहे, त्याने शंभरदा ऐकलेली, तरी तोही हसला. गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मशीन कुनासाटी मागवलं हुतं त्यांनी?" मी म्हणालो, माझ्या गुडघ्यांसाठी. त्या म्हणाल्या, "मंग तुमी हसताय कशाला?" कापडाची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली आणि एसटी स्टँडचा रस्ता विचारून गेल्या. मी सिद्धाप्पावर खेकसलो, टॉवेलांची थप्पी वाकडी लावलीस म्हणून. थप्पी सरळच होती.

त्यानंतर जे झालं ते मल्लिनाथलाही सांगितलेलं नाही. माघात, आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते, तेव्हा दुकानात एक पार्सल आलं. वर माझं पूर्ण नाव, पाठवणाऱ्याचं नाव पुसट, गाव तेवढं पुणे. पार्सलवाला पोऱ्या म्हणाला, पैसे द्यावे लागतील. दोन चांगल्या चादरी येतील इतके होते. मला शंका यायला हवी होती, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस मी. पण मला वाटलं, खरेदी तुझी आणि पैसे माझे, हे तर तुझ्या रीतीला धरूनच झालं. दिले. दुपारपर्यंत ते मी फोडलं नाही, गादीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. कुणी विचारलं की सांगायचो, घरून आलंय, पुण्याहून.

आत चहाची चाळणी निघाली. प्लॅस्टिकची, हिरव्या दांड्याची. दुसऱ्या कुणालाही तेव्हाच कळलं असतं. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. आपल्या चाळणीला भोक पडलंय आणि नवी आणा म्हणून तू मला दहादा सांगितलं होतंस, ते आठवलं. वाटलं, तिकडे बसून हिला सुचलं, की हा माणूस चहासोबत पत्तीही गिळत असेल. तीन दिवस त्याच चाळणीने चहा गाळला. वाढदिवसाला सकाळी दोन कप केला. दुसरा पण मीच प्यालो, गार झाल्यावर.

चौथ्या दिवशी सिद्धाप्पाने थप्पी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता विचारलं, "मालक, वैनींनी धाडलं आसतं तर पैसं तुमच्याकडनं कशाला घेतलं आसतं?" मी त्याला गप्प केलं. संध्याकाळी मल्लिनाथला फोन केला आणि आडून आडून विचारलं, आईने इकडे काही पाठवलं होतं का. तो म्हणाला, नाही तर, का? मी म्हटलं, सहज. तू तेव्हा मागे ओजसला श्लोक म्हणायला लावत होतीस, मला ऐकू येत होतं.

दाक्षायणी, मला कसली हाव होती? चाळणीची तर नव्हती. फसणाऱ्याला अक्कल नसते, असं मी सांगत सुटलो होतो. मला होती की अक्कल. फक्त ते पार्सल खरं निघावं असं मला इतकं वाटत होतं, की अक्कल मीच बाजूला ठेवली. गोजरबाईंनाही वाटलं असेल, लेक रिकाम्या हाताने जाऊ नये. आणि तुला वाटलं असेल, हा सातव्या पायरीवर थांबतो ते थांबायला नको. एवढं साधं मला कुणीतरी करकंबहून येऊन विचारेपर्यंत कळू नये, याची मला लाज वाटते.

गेल्या सोमवारी दोन चादरी पिशवीत घातल्या आणि एसटीत बसलो. पंढरपूरला गाडी बदलून करकंबला उतरलो, विचारत विचारत घर सापडलं. लेक अजून गेली नव्हती, गोजरबाई बाळाला न्हाऊ घालत होत्या. मी चादरी पुढे केल्या तर म्हणाल्या, "फुकट न्हाय घ्यायची मी." हात पुसले, आत जाऊन ते कापड घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं. "ही घ्या, आन ती द्या. बदलून मिळंल आसंच लिवलंय की तुमच्या बोर्डावर." मग चहा झाला. मी विचारलं, बाई, एवढ्या स्वस्तात मिळेल यावर तुमचा विश्वास तरी कसा बसला? त्या म्हणाल्या, "भाव कुनी बगितला? तुमाला बगितलं. फोटूत तुमी कुनाकडं तरी बगून हसताय. आसं हसनारा मानूस लबाड नसनार, आसं वाटलं की."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तो फोटो मोठा करून बघितला. आधी पन्नास वेळा बघितलाय, पोलिसांना दाखवलाय. मी कॅमेऱ्यात बघतच नाहीये. कॅमेऱ्याच्या जरा शेजारी बघतोय, जिथे तू टोपी टोपी करत उभी होतीस. चोरांनी नाव नेलं, बोर्ड नेला, त्याचा राग एव्हाना बराच निवला होता. पण एवढ्या लोकांना ज्या हसण्याने फसवलं ते तुझ्यासाठी होतं, हे कळलं तेव्हा मंगळवेढा फाटा येईपर्यंत मी तोंड खिडकीबाहेर ठेवलं.

येईल त्याला चादर देणं मला आजही जमणार नाही, दुकान बसेल. पण आता कुणाला पायरीवर उभं करत नाही. आत बसवतो, चहा देतो, ती हिरवी चाळणी त्या कामाला आलीय. चादर कुणासाठी घेतली होती ते विचारतो आणि पोलिसांत द्यायचा अर्ज सिद्धाप्पाकडून लिहवून देतो. फार अडलेलं दिसलं तर एखादी बदलूनही देतो, गल्लीत सांगू नकोस. निळ्या दिव्याची गोष्ट बंद केली. चाळणीची सांगतो. लोक तेवढेच हसतात.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. गल्लीतले सगळे म्हणतात, जुना फोटो काढून नवा लावा आणि खाली लिहा, आमचं दुकान हेच, दुसरीकडे विक्री नाही. काल सिद्धाप्पाने माझे नऊ फोटो काढले. तीच पायरी, तीच मोराची चादर. नऊच्या नऊ फोटोंत मी पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा दिसतो, असल्या माणसाकडून कुणी रुमालही घेणार नाही. कॅमेऱ्याशेजारी तू उभी असल्याशिवाय तो फोटो निघायचा नाही. मशीनच्या बाबतीत मी चुकलो, दाक्षायणी, आणि चारचौघांत चुकलो. हे स्पीकरवर सांगता येत नव्हतं. तो पट्टा माळ्यावरून काढलाय आणि संध्याकाळी गुडघ्याला बांधतो. दिवा लागतो. मशीन चालत नाही, पण पट्ट्याची ऊब लागते. आजच निघ असं मी म्हणत नाही, ओजसची परीक्षा असेल. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये. तोवर नवा फोटो लावत नाही, आणि टोपीही तिरकीच ठेवलीय.

तुझाच,
गुरुशांत