करुणा वळली नाही

पिंपळी, २२ जानेवारी १९९५

आदरणीय अक्काबाई आत्यास,
बुद्धघोषचा सप्रेम जय भीम.

परवा गावच्या शर्यतीत आबाजीमामांच्या करुणानं माझं निशाण बघून न बघितल्यासारखं केलं, तिथून माझं सगळं बदललं. पण आधी तुझे गुडघे कसे आहेत? डाळजला थंडी फार म्हणतात, तेल लावत जा.

कॉलेज सुटल्यापासून (मी स्वतः सोडलं, भांडण नंतर झालं) मला काम कमी. म्हणून मंडळानं मला लाल निशाण देऊन बायकांच्या वळणावर उभं केलं. बायकांनी तिथून माघारी फिरायचं, पुरुषांनी पुढं दुप्पट पळायचं, असा नियम. (कुणी केला विचारलं, तर सगळे चहा प्यायला लागले.) करुणा पुरुषांच्याही पुढं आली. मी ओरडलो, "अगं, वळ की." ती म्हणाली, "तुला वळायचं असंल तर वळ," आणि गेली सरळ.

माझं डोकं तुला ठाऊक आहे. निशाणासकट, चपला घालून, धावलो तिच्यामागं. नियम मोडला म्हणून धावलो, असं मंडळाला सांगितलंय. खरं म्हणजे तिची वेणी लांब लांब जायला लागली आणि मला उभंच राहवेना. थोड्याच अंतरात पोटात कळ आली. बाजूच्या उसात पंप चालू होता, तिकडं पाणी प्यायला शिरलो. ओंजळ तोंडाला लावून मागं बघतो, तर शर्यतीतले सगळे पुरुष बांधावरून रांगेनं माझ्या मागं. निशाणवाला जातो तीच वाट, असं त्यांना वाटलं. सगळ्यात पुढचा सोमनाथ गुडघाभर चिखलात उभा राहून म्हणाला, "हितनं कुठं जायाचं?"

ते उसातून निघेपर्यंत करुणा पूर्ण अंतर पळून पहिली आली.

आता गाव म्हणतं, बुद्धघोषनं पोरीसाठी गडी उसात घातले. पाठीवर थापा मारतात. मी दोघांच्या कॉलरी धरल्या, तर लोकांची खात्रीच पटली. काल करुणा नळावर भेटली. वाटलं, हसेल. म्हणाली, "आधीच समद्यांच्या म्होरं हुते मी. आता म्हणत्यात, तुझ्यामुळं आले." रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

बाकी सगळं ठीक.

तुझा,
बुद्धघोष

ता.क. पुढच्या रविवारी पुण्यात शर्यत आहे. तिथं बायका पुरुषांएवढंच पळतात आणि मला कुणी ओळखत नाही. थोरली बाई सोबत असेल तरच पोरीला पाठवीन, असं आबाजीमामा म्हणतात. जाशील तिच्याबरोबर? मी सांगितलं म्हणू नकोस.

आणखी एक. मी येणार नाही. हे मात्र तिला सांगितलंस तरी चालेल.

आत्ता ती दारावरून पळत गेली, पावलांवरून कळतं. लांब जाईपर्यंत थांबलोय. गेली. आता दार ओढून घेतो आणि दुसऱ्या वाटेनं पोस्टात जातो.