काजूपाशी वाकलेली रेघ

प्रिय बाबा,

काल वरच्या वाडीतल्या लोकांनी बोलावलं होतं. वणवा घरांपर्यंत येऊ नये म्हणून आखणी करून दे, म्हणाले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच नकाशा हातात घ्यायचाय. त्याआधी तुमच्याशी बोलायला हवं, म्हणून लिहितेय.

गेल्या दिवाळीत आपल्या गावाची आखणी मीच केली. डोंगर आणि घरं यांच्यामध्ये गवत-झुडपं काढून मोकळा ठेवायचा रुंद पट्टा, त्याच्या खाली सांडपाण्यावर केळी आणि अळू. सगळ्यांनी मानलं. फक्त तो पट्टा आपल्या सहा काजूंवरून जात होता.

"तुझ्या आईने लावलेत गं. तेवढे सोड," तुम्ही म्हणालात.

जन्मभर टपाल वाटलंत, कधी कुणाकडे काही मागितलं नाहीत. मला नाही म्हणवलं नाही. मी रेघ खाली वाकवली, शेजारच्या सुमनकाकींच्या परसापर्यंत. तिथे पट्टा अगदी अरुंद होत होता. काजू पेटला की आवरत नाही, हे मी आखणीच्या अभ्यासात शिकलेय ना, बाबा? मग तुम्हाला का नाही सांगितलं?

मार्चमधली ती सकाळ. मतलई वारा डोंगरावरून समुद्राकडे सुटलेला. बाकी सगळीकडे आग पट्ट्यापाशी थांबली. काजूंपाशी नाही थांबली. तुम्ही ओलं गोणपाट घेऊन वर धावलात. काकी खालून हाका मारत होत्या, "भाऊ, झाडं जाऊ द्या, खाली या!"

"आलोच," म्हणालात.

का नाही आलात? सत्तरीत असं धावायचं असतं का?

तिसऱ्या दिवशी अलिबागच्या इस्पितळात तुम्ही मला सोडून गेलात. काकींचं घर आणि गोठा, दोन्ही जळाली. विहारात वंदना झाल्यावर त्या माझ्याजवळ बसल्या.

"पोरी, रेघ तूच वाकवलीस ना?"

"हो, काकी."

त्या उठून गेल्या. अजून माझ्याशी बोलत नाहीत.

वरच्या वाडीत एक आजोबा आहेत. त्यांच्या घरामागचं सुकं बांबूचं बेट पट्ट्यात येतंय. "नातीच्या बारशाला लावलंय. तेवढं ठेव," म्हणाले. मी काल "परत येते" म्हणून निघून आले.

उद्या त्यांच्या ओट्यावर बसून तुमचं काय झालं ते सांगेन, माझी चूक न लपवता. ते हाकलून देतील कदाचित. मी पुन्हा त्यांच्याकडे जाईन. बेट तोडल्याशिवाय नकाशावर सही करणार नाही, वचन देते.

जय भीम, बाबा.

तुमची,
रमा