गोल्डला फक्त दोन हजार कमी

९ डिसेंबर
विमान कंपनीच्या गोल्ड कार्डाला दोन हजार पॉइंट्स कमी. वर्ष संपायला तीन आठवडे. यंदा गोल्ड म्हणजे गोल्ड! बायको म्हणाली, वर्षातून चारदा उडणाऱ्याला लाउंज कशाला? तिला व्हिजन नाही.

१४ डिसेंबर, सकाळी ७
ताईचा फोन. बाबांचं काही खरं नाही, डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत, आजच निघ. सारखं माझंच नाव घेतायत म्हणे. फार वाईट वाटलं. खरंच. लगेच लॅपटॉप उघडला.

७.४०
थेट विमान दुपारी, चार तासांचं. पॉइंट्स सहाशे. दोन थांबे घेत गेलं तर एकवीसशे! पोचायला उद्या संध्याकाळ. डॉक्टर नेहमी हातचं राखून बोलतात; दोन म्हणजे चार धरायचे. बायकोने विचारलं, जनाची नाही तर मनाची तरी? भावनेच्या भरात बुकिंग करू नये, असं शांतपणे सांगितलं. ती बॅग अर्धवट टाकून आत गेली.

१५ डिसेंबर, दुसरा थांबा
विमान आपल्याच कंपनीचं, तिकिटावर नंबर मात्र भागीदार कंपनीचा. तसं जरा स्वस्त पडलं. एकच विमान, दोन नंबर! याला कोडशेअर म्हणतात. शेजारच्या प्रवाशाला अर्धा तास समजावलं. डोळे मिटून ऐकत होता. ताईचे अकरा मिस्ड कॉल. बोर्डिंग सुरू झालंय, उतरल्यावर बघू.

१६ डिसेंबर
बाबा काल सकाळीच गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मावसभाऊ चौदालाच आला होता, त्या थेट विमानाने. बाबांना वाटलं, मीच आलो. त्याचा हात धरूनच गेले. म्हणजे माझी उणीव भासली नाही. ताईला हे पटवायला गेलो, तर उठून गेली.

२२ डिसेंबर
कंपनीचा मेल. पॉइंट्स शून्य! विमान कुणाचंही असो, तिकिटावरचा नंबर धरतात म्हणे, आणि भागीदाराचं स्वस्त तिकीट चालत नाही. बाबांच्या मृत्यूचा दाखला जोडून अर्ज टाकला. तासाभरात उत्तर: आपल्या दुःखात सहभागी आहोत, पॉइंट्स मिळणार नाहीत. माणुसकी म्हणून राहिली नाही. मावसभावाला मात्र सहाशे मिळाले.

२८ डिसेंबर
ताईचा फोन. आईने अंथरूण धरलंय, अन्नाला शिवत नाही. म्हणाली, कळवायचं म्हणून कळवलं, तू येऊ नकोस. रागात बोलते बिचारी. मी जाणारच, तेही थेट विमानाने! आईने फक्त चार दिवस कळ काढावी. एक तारखेपासून पॉइंट्स नव्या वर्षात धरतात.