कोरड्या केसांची अट

मी, पुंडलिकराव तात्याजी ढवस, वय साठ, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार मारेगाव, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीने दगा दिला आहे, डोक्याने अजून नाही.

१. राहते घर माझी पत्नी सौ. भागीरथा हिचे. तिला कोणी मागची खोली दाखवू नये.

२. कपाशीचे वावर धाकटा भाऊ किसनराव यास. "वयनी मोकळ्या केसानं शाळेत जाते, हे बरं दिसते काय?" असे त्याने भर बैठकीत विचारले होते. तो राग मी सोडलेला नाही. तरी वावर त्याचे, कारण कसतो तोच.

३. काचेची ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली उभी नळी, शाळेला. फणी कोरड्या केसांतून फिरवली की तिच्यावर विद्युतभार येतो; ती ब्युरेटमधून सोडलेल्या पाण्याच्या बारीक धारेजवळ न्यावी. धार वळते, कारण पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित ऋण, दुसरे किंचित धन, तो ध्रुवीय. मग कार्बन टेट्राक्लोराइड घ्यावे. ती धार सरळ पडते. त्यातही प्रत्येक क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतोच, पण चौघे चहूकडून सारखे ओढतात, म्हणून कोणाचेच चालत नाही. नुसता बंध पाहून निकाल देऊ नये, रेणूचा आकार पाहावा. प्रयोग माघात करावा. पावसाळी हवेत फणी रुसते.

४. कचकड्याची फणी भागीरथेची. पोरांची डोकी तेलाने चोपडलेली, माझ्या डोक्यावर मैदान. म्हणून दर माघात ती शिकेकाईने न्हाते आणि तेल न लावता, लोकांच्या नजरा झेलत वर्गात येते. मी निवृत्त झाल्यावरही शाळा आम्हाला बोलावते. धार वळली की सगळ्यांच्या आधी ती हसते. ते हसू मला फार प्रिय आहे.

५. मी गेल्यावर विधवा म्हणून तिला वगळतील, ही एकच धास्ती आहे. म्हणून अट: दर माघात शाळेने तिला नावाने बोलवावे आणि किसनरावाने स्वतः वर्गापर्यंत पोचवावे. न बोलावल्यास ब्युरेट तिची, न पोचवल्यास वावरही तिचे.

हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मी नाई जात. तुमी नसल्यावर कोणासाठी जाऊ?"

"पोरायसाठी," मी म्हटले. ती डोळे पुसत बसली.

उंबऱ्यावर किसनराव होता. तो म्हणाला, "पैदल कायले जाता, वयनी? मी बंडी जुपतो न."

सबब कलम दोनमधील राग रद्द समजावा. वावर व अट कायम.

सही: पुंडलिकराव तात्याजी ढवस

आमच्या देखत सही केली, साक्षीदार:
१. फुलसिंग राठोड, मुख्याध्यापक
२. रुखमाबाई, शेजारीण (अंगठा)

मारेगाव, दि. २८ जानेवारी १९६२